बावीस घरांचा धोपा

डाळ खाणाऱ्याला डाळ मिलच्या पाण्याचा वास माहीत नसतो. माझ्या नाकात तो अजून आहे. तूर हौदात रात्रभर भिजवायची, ते पाणी सोडून द्यायचं, ओल्या तुरीला लाल माती चोळून ढीग घालायचा, मग उन्हात वाळवून भरडायची, अशी तेव्हाची रीत होती. त्याने साल सहज सुटतं आणि डाळ अखंड निघते. सोडलेलं पाणी मात्र पहिल्या दिवशी चहासारखं दिसायचं, दुसऱ्या दिवशी त्याच्यावर फेस यायचा आणि तिसऱ्या दिवशी गावाच्या त्या टोकाला राहणारी माणसं एकमेकांकडे संशयाने पाहू लागायची.

गाव कारंज्याहून मानोऱ्याकडे जाताना लागतं. वाशीम जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी ही मिल निघाली. माझे वडील तिथे मिस्तरी होते. चक्कीचा पट्टा तुटो की हौदाचं सिमेंट उखडो, सगळं त्यांच्याकडे. हौदापासून नाल्यापर्यंत पाणी वाहून नेणारी नाली त्यांनीच खोदली होती. नालीला उतार असा साधला होता की पाणी कुठेही न थांबता सरळ नाल्यात जाई. त्या उताराचा त्यांना अभिमान होता, आणि सगळं बिघडलं ते त्या उतारामुळेच.

मी तेव्हा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि घरी बसलो होतो. बाबा मला नावाने हाक मारत नसत. 'आमचं सायन्स जेवलं का?' असं मायला विचारत. माय म्हणे, 'जेवलं न. दोन वाट्या वरण पेलं.'

मिलच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या काठी चाचांची भाजीची वाडी होती. चाचा नात्याने आमचे कोणी नव्हेत. मुसलमान मोहल्ल्यातले, बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. वांगी, मिरची, पालक, कोथिंबीर लावायचे आणि बाजारच्या दिवशी मानोऱ्याला नेऊन विकायचे. वाडीतली त्यांची विहीर गावात नाव कमावून होती, कारण तिच्या पाण्यात डाळ लवकर शिजे. गावातल्या बाकी विहिरींचं पाणी जड. दोन आळ्यांतल्या बाया स्वयंपाकाचं पाणी चाचांच्या विहिरीवरून नेत आणि चाचा कुणाला अडवत नसत. उलट एखादी दोन दिवस दिसली नाही तर विचारत, 'काहून वं, डाळ शिजणं बंद झालं का तुह्याकडं?'

मिल सुरू झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्या विहिरीला वास सुटला. नाला कोरडा, त्यात मिलचं पाणी तुंबायचं आणि जमिनीतून झिरपत विहिरीत उतरायचं. बाया येईनाशा झाल्या. चाचांची म्हैस पाण्यात तोंड घाली, फुसकारे आणि मागे सरके.

एक दिवस चाचा आमच्या ओसरीवर येऊन बसले.

'मिस्तरी, तुह्या मिलीनं माह्या विहिरीत तूर भिजू घातली का रे?'

'काहून?'

'वास घेऊन पाह्य. ती नाली कोनं खोदली?'

'म्या.'

'बस. मंग मी दुसऱ्या कोनाले सांगू?'

चाचांनी पान लावलं, अर्धं बाबांना दिलं.

'कारंज्याचा साडू म्हनते, सायकलीच्या दुकानात येऊन बस. या सालची आखजी तं गेली. पुढच्या आखजीलोक पाह्यतो. तवा बी पानी असंच असन, तं वाडी बटईनं देऊन टाकतो न जातो. बुढापे में पंक्चर काढीन.'

आखजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे पितरांना घागर घालायचा दिवस. बटईचे, म्हणजे पिकाच्या वाट्याने शेत कसायला देण्याचे, करार-मदार त्याच सुमाराला ठरतात. चाचांनी मुदत दिली होती एका वर्षाची, आणि ती दिली होती बाबांना. मिलच्या मालकाला, शेटला नाही.

बाबा शेटकडे जाऊन आले. शेट म्हणाले, 'मिस्तरी, मी पाणी नाल्यात सोडतो. नाला सरकारचा आहे. सरकारनं तक्रार केली तर पाहू.'

आता माझी पाळी होती. घरात बी.एस्सी. असताना विहीर सडते म्हणजे काय? मी ग्रामपंचायतीच्या शिपायाकडून ब्लीचिंग पावडर आणली, दुकानातून तुरटी आणली. प्रमाण काढायला विहिरीचा घेर आणि खोली मोजली, वहीत आकडेमोड केली आणि दशांशचिन्ह एक घर उजवीकडे दिलं. दुसऱ्या दिवशी विहिरीतले सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. त्या पाण्यावर भिजवलेला पालक चार दिवसांत पांढरा पडला.

चाचा मेलेले मासे टोपल्यात काढत म्हणाले, 'बेटा, पहिले पानी बिमार होतं. आता तं डाक्टर बी लागला त्याच्या मांगं.'

बाबा घरी आल्यावर मायला म्हणाले, 'आमच्या सायन्सले दोन दिस वाडीकडे जाऊ देऊ नको.'

खरी गोष्ट मायच्या लक्षात आली, तीही आपल्या न्हाणीमागे. ती बाबांचा डबा घेऊन मिलकडे जाई तेव्हा नाक पदराने दाबून घेई. एक दिवस परत आली ती न्हाणीच्या मागे जाऊन उभीच राहिली. आमच्याकडे प्रत्येक घरी न्हाणीचं पाणी मागे सोडलेलं असतं आणि त्या ओलीवर धोपा आणि कर्दळ लावलेली असते. धोपा म्हणजे अळू. अंघोळीचं, धुण्याचं, तांदूळ धुतल्याचं, भांडी घासल्याचं सगळं पाणी त्या मुळ्यांतून जातं.

'इकडं ये वं सायन्स,' मायने मला हाक मारली. 'वं' बायकांना म्हणतात; ती मला तसं म्हणायची तेव्हा रागात तरी असे नाहीतर थट्टेत. 'हे पाह्य. इकून साबनाचं पानी जाऊन राह्यलं, पह्यल्या गड्ड्यात काळं हाये. न तिकून, धोप्याच्या पल्याड, कोंबड्या पानी पिऊन राह्यल्या. वास हाये का?'

वास नव्हता. मी म्हणालो, 'पण माय, हे घरचं पाणी. मिलचं किती असते.'

'मंग धोपा बी तेवढा लावा.'

बाबांनी हे ऐकून घेतलं, भात कालवला, खाल्ला, हात धुतला आणि मग म्हणाले, 'म्हनजे नाली मोडा लागन.' आपल्या हाताने साधलेला उतार मोडायचा, एवढंच त्यांना फार लागलं.

पावसाळ्यात तूर वाळत नाही, त्यामुळे मिलचे हौद बंद असत. त्या दिवसांत बाबांनी सरळ नाली बुजवली आणि मिल आणि नाल्याच्या मधल्या पडीक पट्टीत पाण्याला नागमोडी वाट करून दिली. आधी एक खोल खड्डा, मग एकाखाली एक सहा वाफे, मध्ये मातीचे बांध, तळाशी गिट्टी आणि नाल्यातली रेती. शेटने एवढंच सांगितलं की गडी मिळणार नाहीत. चाचा आपली बैलजोडी घेऊन आले. पाणकणीस तलावाच्या काठावरून उपटून आणलं.

धोपा आणि कर्दळ मात्र मायने आणली. डोक्यावर टोपलं घेऊन ती घरोघर फिरली आणि प्रत्येकीच्या न्हाणीमागचे कांदे, म्हणजे कंद, मागून आणले. फुकट कुणीच दिले नाहीत, म्हणजे प्रत्येकीने सोबत काहीतरी ऐकवलं. 'हा काळ्या देठाचा हाये, वड्यांचा. संभाळजो.' 'हा माह्या माहेरचा, धनजचा. असा धोपा तुमच्या गावात नाई.' बौद्ध वस्तीतल्या मास्तरीणबाईंनी पिवळ्या फुलाची कर्दळ दिली आणि 'मेली तर परत मागायला येऊ नका' असं शुद्ध मराठीत बजावलं. बावीस घरांचा धोपा जमला.

आणि इथे मी पुन्हा शास्त्र आणलं. प्रयोग म्हटला की नोंद हवी. कुठल्या जातीचा धोपा मिलच्या पाण्यात तग धरतो हे कळायला नको? मी बांबूच्या चिपा तासल्या आणि प्रत्येक कांद्याच्या बुडाशी एक रोवली. त्यांच्यावर डांबराने लिहिलं कुणाच्या घरचा ते. सुवाच्य, मोठ्या अक्षरांत. ओळीने उभ्या चिपा पाहून चाचा म्हणाले, 'माशाल्ला. कब्रस्तान झकास दिसून राह्यलं.'

बोलले ते फार चुकीचं नव्हतं. पावसाळ्यात सगळं हिरवंगार झालं. माघात नवी तूर आली, मिलचे हौद सुरू झाले, आंबूस पाणी वाफ्यांत शिरलं आणि आठवड्यात पहिल्या दोन वाफ्यांतला धोपा कुजून खाली बसला. विहिरीला परत वास यायला लागला. चाचा साडूचं पोस्टकार्ड आलंय असं बाबांना सहज सांगून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय भांडी घासत बसली होती आणि मी बाजूला बसून तोंड धूत होतो. ती राखेचा गोळा परातीवर फिरवत होती. राखाडी पाणी न्हाणीतून मागे धोप्याकडे चाललं होतं. मी तोंडातलं दंतमंजन गिळलं. मिलचं पाणी आंबट, राखेचं पाणी क्षारी, एकमेकांना मारतं, हे मी तीन वर्षं कॉलेजात शिकून पास झालो होतो, आणि राख रोज डोळ्यांसमोरून वाहत होती.

'माय, राख!' मी ओरडलो.

'हाये न. काय, दात घासतं का?'

त्या दिवसापासून मी राख गोळा करायला लागलो. चुलीची, हॉटेलाच्या भट्टीची, भडभुंज्याची. पदवीधर मुलगा डोक्यावर राखेचं टोपलं घेऊन गावातून चाललाय हे पाहायला लोक दारात येत. लग्नाचं वय होतं माझं. दोन ठिकाणांकडून येणारं बोलणं त्याच महिन्यात थंडावलं. त्याचा राखेशी संबंध असेलच असं नाही.

पहिल्या खड्ड्यात राख टाकायची, पाणी दिवसभर थांबवायचं, वरचा फेस आणि गाळ काढून उकिरड्यावर टाकायचा, मग पाणी हळूहळू वाफ्यांत सोडायचं, असं बाबांनी बसवलं. मेलेल्या कांद्यांच्या जागी तिसऱ्या-चौथ्या वाफ्यातली पिल्लं लावली. चिपा मी इमानदारीने ज्याच्या त्याच्या कांद्याबरोबर हलवल्या. फाल्गुनात वास कमी झाला. चैत्रात शेवटच्या वाफ्यातून नाल्यात उतरणारं पाणी फिकट होतं, पण नाक चिमटीत धरावं असा वास त्याला राहिला नव्हता. चाचांनी इंजिन लावून विहीर दोनदा उपसली. तिसऱ्यांदा भरली तेव्हा म्हशीने तोंड घातलं आणि काढलं नाही. चार-सहा बाया घागरी घेऊन परत दिसू लागल्या. आखजीला तेव्हा पंधरा दिवस होते. चाचांनी साडूला काही कळवलं नव्हतं. 'आखजी जाऊ दे,' ते म्हणाले.

आखजीच्या जेवणाला पितरांसाठी धोप्याच्या पानांच्या वड्या लागतात. आणि वैशाखात आमच्याकडे पान नावाची गोष्ट कुठे असते? नाले कोरडे, घरोघरच्या न्हाण्यांना पाण्याची मारामार, न्हाणीमागचा धोपा वाळून दोरी झालेला. गावात हिरवा धोपा एकाच जागी होता. तूर भिजवलेल्या पाण्यावर पोसलेला, एकेक पान सुपाएवढं.

आखजीच्या आदल्या दिवशी सकाळी मी राख घेऊन पोचलो तर वाफ्यांत जत्रा भरलेली. बाया, पोरी, विळे, टोपली. लिहिता-वाचता येणाऱ्या पोरी चिपा वाचून दाखवत होत्या.

'हा आपला, आत्या! इकडं, इकडं!'

'ओ मावशी, थांबा!' मी म्हणालो. 'हा धोपा तोडायचा नाही. हे पाणी साफ करायला लावलेला आहे.'

'तुह्या मायनं कांदा कोनाचा नेला?'

'तुमचा.'

'मंग पान कोनाचं?'

'लिवलं बी हाये तूच,' मावशी म्हणाली आणि चीप उपटून माझ्या हातात दिली. कांदा ज्याचा त्याचं पान, ह्यात गावात कुणाला दुमत नव्हतं, आणि मालकी कुणाची हे मी स्वतः डांबराने लिहून ठेवलं होतं. माय धावत आली. पण तीही काय बोलणार? एकेकीपुढे पदर पसरून तिनेच कांदे आणले होते. दुपारपर्यंत वाफे भुंडे झाले. काहींनी पानांबरोबर कांदेही परत नेले, 'आता बरा वाढला हाये' म्हणून. पायाखाली बांध फुटले. शेटच्या घरूनही गडी आला आणि उरलीसुरली पानं तो घेऊन गेला. शेटची तर चीपही नव्हती.

आखजीच्या दिवशी गाव वड्या खाऊन बसलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाचा घसा खाजायला लागला. धोपा मुळात खाजरा, त्यात हा कशावर वाढलेला. पुरेशी चिंच कुणी घातली नव्हती, असं माय म्हणाली. कोकमं, ताक, गूळ, लोक काय काय चघळत फिरत होते. आम्हाला हसायला वेळ नव्हता. फुटलेल्या बांधांतून मिलचं पाणी सरळ धावत नाल्यात उतरत होतं आणि चाचांची मुदत संपली होती. ते वाडीत येऊन भुंड्या वाफ्यांकडे पाहत उभे राहिले, मग म्हणाले, 'मिस्तरी, चार रोजानं साडूले निरोप देतो.'

धोप्याला परत फुटायला आठ-दहा दिवस लागतात. तेवढे दिवस हौदाचं पाणी बंद राहिलं पाहिजे होतं. ऐन हंगामात शेट ते बंद करणार नव्हते.

माय म्हणाली, 'सांगा न, हौद फुटला म्हनून.'

'फुटला कुठी?'

'नाई फुटला. तरी सांगा.'

बाबांना खोटं बोलता येत नसे. एकदा रजेसाठी त्यांनी आत्या आजारी असल्याचं सांगितलं होतं आणि मग ती रजा आत्याकडे जाऊन घालवली होती. ती चांगली ठणठणीत, शेतात निंदत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मजूर बाया कामावर यायच्या आत, ते मला घेऊन मिलमध्ये गेले. दोन्ही हौदांच्या मध्ये एक सामाईक भिंत होती, त्यांनीच बांधलेली; ती गेली की दोन्ही हौद बंद. त्यांनी त्या भिंतीवर हात फिरवला, छिन्नी टेकवली आणि घाव घातला. भिंत पक्की होती. सातव्या घावाला तडा गेला. तेवढ्यात चाचा विहिरीकडे जाताना कुंपणापाशी थबकलेले मी पाहिले. त्यांनी बाबांच्या हातातली छिन्नी पाहिली आणि पुढे गेले.

मग बाबा शेटकडे गेले आणि म्हणाले, 'शेट, हौद फुटला.' हे खरं होतं.

शेट पाहायला आले. त्यांनी तडा पाहिला, बाबांकडे पाहिलं, तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. वड्यांनी त्यांचा घसा पार बसला होता. त्यांनी डोळे मोठे केले, हात वर नेला, काहीतरी फार मोठं बोलायचं होतं त्यांना. शेवटी नुसतं बोट दाखवून विचारलं, किती दिवस?

'सिमेंट मारल्यावर आठ दिस पानी पाजा लागते,' बाबा म्हणाले. 'मंग भरता येते.'

शेटने गळ्यावर हात ठेवला आणि ते गाडीत जाऊन बसले.

आम्ही त्या दिवसांत बांध घातले. माय पुन्हा टोपलं घेऊन निघाली. खाजऱ्या घशांनी बायांनी कांदे परत दिले, 'घेऊन जाय बाई तुहा धोपा' म्हणत. या खेपेला चिपा लावायच्या नाहीत, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. उघड्या राहिलेल्या बुडख्यांना उन्हात पाचव्या दिवशी कोंब आले. चाचा रोज इंजिन लावून विहीर उपसत होते, पण साडूला निरोप गेला की नाही हे त्यांनी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. चौथा दिवस गेला, आठवा गेला. हौद भरले. पाणी राखेच्या खड्ड्यातून वाफ्यांत शिरलं आणि दोन दिवसांनी खालून बाहेर पडलं, पहिल्यापेक्षा थोडं गढूळ, पण वासाचं नव्हे.

जेठ लागला. एका सकाळी बाबा कामावर जाण्याआधी वाडीकडे चक्कर मारून आले आणि पाटावर बसले. मायने भाकरी वाढली.

'काय करून राह्यले भाऊ?' तिने विचारलं. चाचांना ती भाऊ म्हणे.

'वाफे पाडून राह्यला. चाची हळदीचं बेनं निवडत बसली हाये.'

'हळद?'

'हळद,' बाबा म्हणाले. 'नऊ महिने जमिनीत राह्यते ते. वाढ, उशीर होऊन राह्यला.'